तारीखबाईंचे चौदा आठवडे

वकिलीत सत्तावीस वर्षं काढल्यावर माणसाला काही ना काही नाव पडतंच. त्या कोर्टाच्या आवारात एका वकिलांना नुसतं 'हं' म्हणत, कारण उलटतपासणीत ते तेवढंच बोलत. एकांना 'पाणउतारा' म्हणत. आणि बाईंना म्हणत 'तारीखबाई'. बाईंना या नावाचा राग नव्हता. नवा पक्षकार दाराशी घुटमळत "तारीखबाई त्या आपणच का?" असं विचारायचा, तेव्हा त्या चष्मा नाकावर चढवून "बसा" म्हणायच्या, आणि त्या एका शब्दातच त्याला कळायचं की आता आपल्याला निदान दहा वर्षं कोणी जागचं हलवत नाही.

घरमालकानं दावा लावला की भाडेकरू बाईंकडे येई. बाई केस जिंकत नसत आणि हरतही नसत. केस चालू राहील एवढं पाहत. साक्षीदार हजर असला की कागद आलेला नसे, कागद आला की त्याची प्रत पुसट निघे, स्वच्छ प्रत मिळाली की नेमका बाईंचा घसा बसलेला असे. घसा बसवण्यात तर त्यांचा हातखंडा होता. न्यायाधीशांपुढे त्या असा काही कुजबुजता अर्ज करत की समोरच्या बाजूचा वकीलच कळवळून खिशातली खोकल्याची गोळी पुढे करी.

असं सगळं सुरळीत चालू असताना बाईंच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब तीन आठवडे परदेशात जाऊन आले आणि त्यांनी पाटी बदलली. पाटीवर नाव, त्याखाली 'आंतरराष्ट्रीय कायदातज्ज्ञ', आणि त्याखाली इतकं काही की शेवटची ओळ वाचायला वाकावं लागे. हे गृहस्थ बाईंच्या माहितीप्रमाणे आयुष्यात कुंपणाच्या भांडणापलीकडे गेले नव्हते. "या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, एवढंच त्यांचं आंतरराष्ट्रीय," असं बाईंनी वकिलांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगूनही टाकलं. पण सुटाबुटातली माणसं बाईंच्या दारावरून मान न वळवता सरळ जिना चढू लागली, तेव्हा त्यांना ते झोंबलं.

त्यांनी शोध घेतला. एका परदेशी विद्यापीठात 'अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय कायदा' असा चौदा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. तीनला चौदा, म्हणजे जवळजवळ पाचपट, हा हिशेब बाईंनी मनात लगेच केला. वीस वर्षांहून जास्त वकिली केलेल्यांसाठी तिथे एक शिष्यवृत्ती होती आणि तिला फारसं कोणी अर्ज करत नसे. अर्जात एक रकाना होता : आपलं विशेष कौशल्य. बाईंनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'न्यायालयीन प्रक्रिया'. खोटं काहीच नव्हतं.

त्यांचे यजमान दाताचे डॉक्टर. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा ते जेवत होते.

"अहो, बावन्नाव्या वर्षी वर्गात जाऊन बसायचं, शोभेल का?" बाईंनी विचारलं.

"अगं, माझ्याकडे सत्तरीतली माणसं नवे दात बसवून घेतात आणि परत चावायला शिकतात," डॉक्टर म्हणाले. "तू जा. चौदा आठवडे मीही जेवताना एखादं वाक्य पुरं करीन म्हणतो."

बाई गेल्या.

राहायला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक सोबतीण. सोबतीण सत्तावीस वर्षांची, याच अभ्यासक्रमाला तिसऱ्याच देशातून आलेली, तिकडे सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करणारी. ती वाचताना सतत शेंगदाणे खाई आणि आपल्या टिपणांचे कागद उशीखाली, फ्रीजवर, बुटात, मिळेल तिथे दडवून ठेवी. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव खारूताई ठेवलं आणि त्याचा अर्थ 'अतिशय अभ्यासू मुलगी' असा सांगितला. खारूताईनं विचारलं, मी तुम्हाला काय म्हणू? 'काकू' किंवा 'मावशी' हे शब्द बाईंच्या जिभेवर आले होते. पण परक्या मुलखात तपासणार कोण? "ताई म्हण," त्या म्हणाल्या आणि बसल्या जागी वीस वर्षांनी लहान झाल्या.

दोघी बोलायच्या ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत. एकीचा काळ चुकायचा, दुसरीची क्रियापदंच गळायची. भांडण होण्याइतकी भाषा दोघींकडेही नसल्यामुळे त्यांचं छान जमलं.

वर्ग तळघरात भरे. तीस विद्यार्थी, बहुतेक पंचविशीतले, प्रत्येकापुढे एकेक लॅपटॉप. शिकवायला एक किडकिडीत, साठी ओलांडलेल्या प्राध्यापिका. सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारत. बाईंना ते काही केल्या जमेना, त्या 'मॅडम'वर ठाम राहिल्या. प्राध्यापिकांची पद्धत अशी की रोज ऐंशी पानं वाचून यायचं, आणि वर्गात त्या कोणावरही बोट रोखून विचारणार : काय घडलं, कोण काय म्हणालं, कोर्टानं काय ठरवलं, आणि तुम्हाला काय वाटतं.

बाईंचं घोडं इथेच अडलं. त्यांनी गेल्या पंधरा वर्षांत एक निकालपत्र अथपासून इतिपर्यंत वाचलेलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. निकाल लागू न देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना निकाल वाचून करायचंय काय?

दुसऱ्या आठवड्यात बोट त्यांच्यावर आलं. कोणा कारखान्यानं घडीच्या खुर्च्या मागवल्या होत्या आणि आल्या त्या न मिटणाऱ्या, असला काहीतरी तंटा होता. बाकीचे बसून उत्तरं देत. बाई सवयीनं उभ्या राहिल्या, सवयीनं मान झुकवली आणि सवयीनंच म्हणाल्या, "मॅडम, मुदत मिळावी."

वर्ग हसला. प्राध्यापिका हसल्या नाहीत.

"कशासाठी?"

"तयारीसाठी."

"किती?"

"गुरुवारपर्यंत."

प्राध्यापिकांनी वहीत लिहिलं आणि बोट पुढच्या बाकाकडे नेलं. बाई बसल्या. जिवाला गार वाटलं. कायदा कुठलाही असो, मुळात सगळीकडे सारखाच, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

गुरुवारी त्यांचा घसा बसला होता. घशाकडे बोट दाखवत, डोळे किंचित मिटत त्यांनी आपली अवस्था कुजबुजून सांगितली. इतक्या वर्षांत या कुजबुजीपुढे सात न्यायाधीश नरमले होते. प्राध्यापिकांनी पेन खाली ठेवलं.

"घसा दुखतोय तर हळू बोला," त्या म्हणाल्या. "आम्ही जवळ येतो."

आणि खरोखरच त्यांनी आपली खुर्ची उचलून बाईंच्या बाकापाशी आणली. मागोमाग बाकीच्या सगळ्यांनी आणल्या. खुर्च्यांचं असं रिंगण पडलं की मधून निसटायला वाट उरली नाही. सगळे कान पुढे करून बसले. मग बाई अकरा मिनिटं कुजबुजत राहिल्या. त्यांना काहीच येत नव्हतं, हे तीस माणसांनी अगदी जवळून ऐकलं.

तास संपल्यावर प्राध्यापिकांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत पुस्तकं इतकी की बसायला खुर्ची मोकळी करावी लागली.

"तुम्ही हे किती वर्षं करताय?"

"काय?"

"घसा."

बाईंनी एकदा सवयीनं कानावर हात ठेवायचा विचार केला. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांत राग नव्हता, उत्सुकता होती. मोटारीचं इंजिन उघडून बघावं तशी. "सत्तावीस," त्या म्हणाल्या.

"छान. आता मी सांगते ते ऐका. जगभरच्या करारांत एक वाक्य असतं : माणसाचं म्हणणं वाजवी मुदतीत ऐकलं गेलं पाहिजे. वाजवी म्हणजे किती, यावर लिहून लोकांनी कपाटं भरली आहेत. पण लिहिणारे सगळे वाट पाहणाऱ्यांच्या बाजूचे. वाट पाहायला लावणारं कोणी लिहीत नाही. त्यांना बहुधा वेळ नसतो. तुमचा शोधनिबंध यावर. उदाहरणं तुमची स्वतःची, नावं गाळून."

"हे मला महागात पडेल, मॅडम."

"पडेल. मुदत नववा आठवडा. ती वाढणार नाही."

बाई घरी येऊन खारूताईला म्हणाल्या, "या बाईनं मला चांगलंच कोंडीत पकडलंय." खारूताईनं शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली.

शोधनिबंधाला उदाहरणं हवीत म्हणून बाईंनी घरी फोन लावला. कपाटातल्या डायऱ्या काढा, म्हणाल्या, आणि छापखान्याच्या दाव्याच्या नोंदी मला वाचून दाखवा. तो त्यांचा सगळ्यात लांबलेला, म्हणून सगळ्यात लाडका दावा. एका गाण्याच्या बाईंचं दुमजली घर. खाली भाड्यानं छापखाना, वर बाई स्वतः. खालचा मजला मला राहायला द्या, एवढंच त्यांचं मागणं. छापखानेवाला तारीखबाईंचा पक्षकार. दावा लागून एकोणीस वर्षं झाली होती.

बाईंकडे दुपार होती, घरी रात्र. डॉक्टर दवाखाना आटोपून डायऱ्या पुढ्यात घेऊन बसले. सुरुवातीला त्यांना फार मजा आली.

"'पक्षकाराचे मामा वारले, मुदत मंजूर.' अगं, हे मामा तर आधीच्या वर्षीही वारले होते."

"ते थोरले."

"मग हे पाचवे कोण? एका बाईला भाऊ तरी किती?"

"वाचा हो तुम्ही."

"'वकिलांची दाढ दुखते.' ही कुठली दाढ? मला कशी नाही दाखवलीस?"

बाई हसून हसून खुर्चीत मागे रेलल्या. खारूताई दारातून डोकावली आणि काही न कळताच हसू लागली. डॉक्टर मोजत गेले. एकूण तारखा एकशे त्रेसष्ट. त्यांतल्या एक्क्याण्णव बाईंच्या अर्जावर. मग पलीकडून आवाज यायचा थांबला.

"ऐकताय ना?" बाईंनी विचारलं.

"हा दावा त्या गाण्याच्या बाईंचा, होय ना?" डॉक्टर म्हणाले. "त्या माझ्या पेशंट आहेत. तू गेल्यावर दोनच आठवड्यांनी आल्या होत्या, दाढ काढायला. दवाखान्याच्या सहा पायऱ्या चढवेनात. गुडघे गेलेत पार. मग मीच सामान घेऊन खाली गेलो आणि गाडीच्या मागच्या सीटवर दाढ काढली. नर्सनं टॉर्च धरला. घरी बावीस पायऱ्या आहेत म्हणाल्या. दिवसातून एकदा उतरते, एकदा चढते, बास."

"माझ्याबद्दल काही बोलल्या?"

"तोंडात कापूस होता," डॉक्टर म्हणाले.

सातव्या आठवड्यात निबंधाचा कच्चा खर्डा वर्गापुढे मांडायचा होता. बाईंनी तो रंगवून मांडला. पाच मामा, बसलेला घसा, पुसट प्रती, एक्क्याण्णव अर्ज. वर्ग खुर्च्यांवरून घसरायचा बाकी राहिला. बाईंना वाटलं, आपण तळघर जिंकलं. टाळ्या ओसरल्यावर खारूताईनं हात वर केला. तिचं इंग्रजी तुटक, म्हणून प्रश्नही तुटक आला.

"ताई, ती बाई. ती झोपते कुठे?"

"वर."

"आणि मशीन?"

"खाली. तिच्या पलंगाच्या बरोब्बर खाली," बाई म्हणाल्या. हे त्यांना ठाऊक होतं, कारण पंचनामा त्यांनीच लांबवला होता.

खारूताईनं वहीत 'खाली' असं लिहून घेतलं आणि बाईंना ते उलट्या बाजूनंही वाचता आलं.

त्यानंतरचे दोन आठवडे बाईंचे जीवघेणे गेले. त्यांनी निबंध तीनदा लिहिला. पहिल्यात स्वतःला खलनायक केलं, तर प्राध्यापिकांनी समासात लिहिलं, 'नाटक नको.' दुसऱ्यात सगळा दोष व्यवस्थेवर ढकलला, तर समासात आलं, 'व्यवस्थेला घसा नसतो.' तिसऱ्यात बाईंनी नुसत्या तारखा लिहिल्या : कधी, कोणत्या कारणानं, कारण खरं की खोटं, आणि त्या दिवशी समोरच्या बाकावर कोण बसलं होतं. हे शेवटचं लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की एकशे त्रेसष्टांपैकी फार तर दहा-बारा वेळा सोडल्यास ते सगळं सारखंच होतं. कोपऱ्यातला बाक, मांडीवर पिशवी, गाण्याच्या बाई. बाईंना त्यांचा चेहरा नीट आठवेना. पिशवी आठवत होती.

या निबंधाला समासात काहीच आलं नाही. शेवटी फक्त 'उत्तीर्ण' असं होतं. घडीच्या खुर्च्यांचा तंटा होता त्या विषयाच्या परीक्षेत बाई नापास झाल्या, परत बसल्या आणि काठावर सुटल्या. निरोपाच्या दिवशी प्राध्यापिकांनी प्रमाणपत्र देताना विचारलं, "परत गेल्यावर काय करणार?"

"पाटी बदलणार होते," बाई म्हणाल्या. "आता बघते."

घरी आल्यावर पाटीवाला रंगारी दोनदा येऊन गेला. मजकूर काय लिहू, असं विचारत होता. बाईंनी त्याला थांब म्हणून सांगितलं, कारण त्या फाईल वाचत होत्या. छापखान्याची फाईल, चारशे बारा पानं. चौदा आठवडे रोज ऐंशी पानं वाचायची खोड लागली होती, ती जाईना. आपली स्वतःची फाईल आपण पहिल्यांदाच सलग वाचतोय, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पान एकशे सत्तरवर त्यांना एक पत्र सापडलं. गाण्याच्या बाईंच्या पहिल्या वकिलांनी पाठवलेलं, दाव्याच्या दुसऱ्या वर्षातलं. त्यात लिहिलं होतं की परसात मोठी पक्की खोली रिकामी आहे, छापखाना तिथे न्यावा, आहे त्याच भाड्यात कायमचा लिहून देतो, फक्त खालच्या खोल्या सोडाव्यात. पत्रावर पोच होती. कोपऱ्यात बाईंच्या हिरव्या शाईत, बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'पुढील तारखेस पाहू.'

बाई पाणी प्यायल्या. पत्र पुन्हा वाचलं. हिरवी शाई आपलीच आहे का, हे बघायला दौत काढली. आपलीच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखानेवाल्याला बोलावलं आणि पत्र त्याच्या हातात दिलं. तो पन्नाशीचा, बोटं शाईनं कायमची निळी झालेली. त्यानं ओठ हलवत सगळं वाचलं, आणि मग तारीख वाचली.

"हे मला कधी दाखवलं होतंत?"

"नव्हतं दाखवलं."

"का?"

"मी वाचलंच नव्हतं."

"परसातली खोली माझ्या छापखान्याच्या दुप्पट आहे," तो म्हणाला. "आणि आता माझं मशीनही केवढं? फ्रीजएवढं. मी दुसऱ्या दिवशी गेलो असतो, बाई. तुम्हीच म्हणायचात, घाबरू नका, आपली बाजू भक्कम आहे. एकोणीस वर्षं ती म्हातारी जिन्यात समोर आली की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मला काय हौस होती?"

"माझ्याविरुद्ध तक्रार करायची तर करा. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते. फाईल दुसरीकडे न्यायची तर तीही न्या."

"नेतोच," तो म्हणाला, आणि फाईल काखोटीला मारून सरळ वरच्या मजल्यावर चढला.

दोन दिवसांनी तो खाली आला आणि फाईल टेबलावर आदळली. "ते म्हणाले, यात काही आंतरराष्ट्रीय मुद्दा असेल तर बघतो." मग खुर्ची ओढून बसला. "तुम्हीच निस्तरा आता. पण मुदत बिदत मागितलीत तर याद राखा."

गाण्याच्या बाईंचे हे तिसरे वकील. पहिले वारले होते, दुसरे न्यायाधीश होऊन बदलून गेले होते. तिसरे तरुण होते आणि तडजोडीचं नाव काढताच त्यांना इतका आनंद झाला की ते गाण्याच्या बाईंच्या घराचा जिना पुढे धावत चढले. बाई मागून. बावीस पायऱ्या. बाराव्या पायरीवर त्यांनी कठड्याला धरलं आणि दम घेतला. खाली मशीन सुरू होतं. पायरीतून ते तळपायाला जाणवत होतं.

गाण्याच्या बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. त्यांनी वकिलांना बसायला सांगितलं. तारीखबाईंना सांगितलं नाही.

"घसा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे."

"ऐकायला बरं वाटलं. प्रत्येक वेळी मला वाटायचं, या बाईला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगाव्यात. गळ्याचं मला कळतं ना थोडंफार."

तरुण वकिलांनी पत्र पुढे केलं आणि घाईघाईनं सगळं समजावलं. आता तिकडून होकार आहे, खोल्या महिन्याभरात मिळतील, फक्त सही.

"पत्र माझ्या भावानं लिहवून घेतलं होतं," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "उत्तर नाही आलं तेव्हा तो म्हणाला, टपाल गहाळ झालं असेल. चांगला होता स्वभावानं. जाऊन नऊ वर्षं झाली." त्यांनी पत्राची घडी घातली. "सही करते. पण कोर्टात. आणि आधी मी बोलणार. एकोणीस वर्षं मी बोलायला जातेय, माझं भाषण पाठ झालंय. ते न बोलता मी घरी येणार नाही."

"त्याची आता कायद्यानं गरज नाही हो, बाई," वकील म्हणाले.

"तुम्हाला नसेल."

ठरलेल्या दिवशी त्यांना खुर्चीसकट उचलून कोर्टात आणलं. न्यायाधीश नवे, तरुण, टेबलावर फाईलींची चळत. तडजोडीचा कागद पाहून त्यांचा चेहरा खुलला. "दोन मिनिटांचं काम आहे," ते म्हणाले.

"माझं चाळीस मिनिटांचं आहे," गाण्याच्या बाई म्हणाल्या आणि सुरू झाल्या.

त्यांनी सांगितलं की खाली मशीन चाले तेव्हा वर मुली सूर लावत. मशीन थांबेना म्हणून त्यांनी मशीनचीच लय धरून शिकवलं, आणि मग दुसरीकडे गायला गेलेल्या मुलींना मशीनशिवाय ठेका सापडेना. त्यांनी सांगितलं की कोपऱ्यातल्या बाकाचा एक खिळा वर आला आहे आणि तो एकोणीस वर्षं कोणी ठोकला नाही. एक न्यायाधीश डोळे उघडे ठेवून झोपत, हेही सांगितलं. आत बसलेले वकील खाली माना घालून हसू लागले. मग त्या तारीखबाईंबद्दल बोलू लागल्या आणि कोणी हसेना. आवाज न चढवता, एकेक तारीख घेऊन, कोणत्या दिवशी बाई काय म्हणाल्या आणि त्या दिवशी आपण काय सोडून आलो होतो, ते सांगत गेल्या. एका तारखेला भाऊ दवाखान्यात होता. पुकारा व्हायच्या आत परत जाता आलं असतं, पण नाव घेतील म्हणून थांबल्या. त्या दिवशी तारीख पडली, कारण बाईंची दाढ दुखत होती.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. "आजी, आपण थोडक्यात…"

तारीखबाई सुरुवातीपासून उभ्याच होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांना बोलू द्यावं, साहेब. आमची हरकत नाही."

कारकुनानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून त्यानं कधी टिपून घेतलेलं नव्हतं. लिहू का, असं त्यानं खुणेनं विचारलं. बाईंनी होकारार्थी मान हलवली.

भाषण चाळीसचं पन्नास मिनिटांवर गेलं. बाईंचे पाय भरून आले, पण त्या बसल्या नाहीत. मध्ये एकदा त्यांना वाटलं की आता डोळ्यांत पाणी येणार, आणि ते आलं तर इथलं कोणीही ते खरं मानणार नाही. म्हणून त्यांनी येऊ दिलं नाही.

"एवढंच," गाण्याच्या बाई शेवटी म्हणाल्या. "आता सही कुठे करू?"

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी जेवताना विचारलं, "काय झालं कोर्टात?" बाईंनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यांनी बाईंचं प्रमाणपत्र दवाखान्यात लावून टाकलं होतं, बाहेरच्या बाकासमोर. तिथे गाल धरून बसलेली माणसं वाचायला मिळेल ते वाचतात, म्हणाले. पाटीवाला रंगारी यायचा थांबला. पुढच्या महिन्याभरात चार भाडेकरू आपल्या फाईली घेऊन गेले. बाईंची शक्ती गेली, अशी बातमी आवारात पसरली होती. दोन नवीन पक्षकार आले, त्यांतला एक घरमालक होता आणि त्याला फार घाई होती.

ठरल्याप्रमाणे छापखाना परसात गेला. कोपऱ्यात पडून असलेलं जुनं मशीन दारातून निघेना, तेव्हा चौकटच काढावी लागली. खोल्या धुऊन झाल्या, शाईचे डाग मात्र फरशीवर तसेच राहिले. पलंग खाली आणायच्या दिवशी तारीखबाई बोलावल्याशिवायच गेल्या. छापखानेवाल्यानं पलंगाचं एक टोक धरलं होतं, तरुण वकिलांनी दुसरं, आणि वळणावर तिसरं माणूस हवं होतं. बाईंनी पिशवी ठेवली, बाह्या वर केल्या आणि खालून खांदा लावला. बावीस पायऱ्या त्या पाठमोऱ्या उतरल्या. छापखानेवाला वरून "सांभाळा, सांभाळा" म्हणत होता आणि कोणाला म्हणत होता ते कळत नव्हतं.

गाण्याच्या बाई खाली आधीच खुर्चीवर बसल्या होत्या. पलंग आत आला. बाईंनी तो भिंतीला लावला.

"तिथे नको," गाण्याच्या बाई म्हणाल्या. "इकडे, उजेडात."

बाईंनी तो उजेडात ओढला.